बारा दिवसांचे दुखणे : प्रस्तावना

शिवनेरीवर जन्मलेल्या राजाचा रायगडावर ज्या दुखण्यात अंत झाला, त्या दुखण्याविषयीचे हे पुस्तक आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ रोजी, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ला झाला. मृत्यू चैत्र शुद्ध पौर्णिमा शके १६०२, शनिवार, ३ एप्रिल १६८० रोजी भर दुपारी. मधल्या ५० वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक मोहिमेवर मराठीत ग्रंथ आहेत. शेवटच्या आजाराला मात्र बहुतेक चरित्रांत दोन-चार ओळी मिळतात, आणि पुढच्याच परिच्छेदात गादीचा वाद सुरू होतो.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत शिवजयंतीला गावोगावी व्याख्याने होतात. व्याख्यान संपल्यावर ‘प्रश्न विचारा’ म्हटले की मागच्या रांगेतून कोणी तरी हमखास विचारते, ‘महाराज नेमके गेले कशाने?’ उत्तरे तयारच असतात. कोणी ज्वर म्हणतो, कोणी गुडघी, कोणी रक्ताची आव. शेवटी कोणी तरी आवाज खाली आणून ‘विष’ म्हणतो आणि सभा त्याच उत्तरावर रेंगाळते. या चारही उत्तरांना कुठे ना कुठे आधार आहे, आणि खरी अडचण तीच आहे.

मी या भागात डॉक्टरकी करतो. इतिहासाचा व्यासंग पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांइतका नाही. पण एक काम माझ्यासारख्या गावाकडच्या डॉक्टरला वारंवार करावे लागते आणि ते या प्रश्नाच्या अगदी जवळचे आहे. ते म्हणजे घरी झालेल्या मृत्यूचे कारण लिहिणे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार त्यासाठी ठरावीक नमुना आहे. रुग्णालयातल्या मृत्यूला नमुना ४, घरच्या मृत्यूला ४ अ. त्यात पहिल्या ओळीत मृत्यूचे तात्कालिक कारण, खाली ते कशामुळे उद्भवले, त्याखाली मूळ आजार. उजवीकडे एक अरुंद रकाना असतो : आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत किती काळ गेला. अनेक जण पहिल्या ओळीत ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असे लिहून मोकळे होतात. पण हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते. ते मरण आहे, मरणाचे कारण नव्हे.

घरच्या मृत्यूत रोगी बोलायला नसतो, बोलतात ते नातेवाईक. त्यांचे ऐकताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात : हा माणूस शेवटच्या दिवसांत खाटेजवळ होता का, आणि हे सांगण्यात त्याचा काही हेतू आहे का. आहुप्याच्या बाजूचा एखादा म्हातारा गेला, की रात्रंदिवस शेजारी बसलेली सून दोन शब्द बोलते : ताप होता, अन्न सुटले होते. मुंबईहून तिसऱ्या दिवशी आलेला भाऊ सगळा आजार ठामपणे वर्णन करून सांगतो. पुतण्या बाजूला घेऊन ‘काही तरी खायला घातलं असेल’ असे सुचवतो, आणि बांधाचा वाद कुठवर आला तेही त्याच दमात सांगतो. तिघांचे ऐकायचे, पण तिघांना सारखे वजन द्यायचे नाही. भारताच्या महानिबंधक कार्यालयाने २००१ पासून लाखो घरगुती मृत्यूंची कारणे याच वाटेने शोधली. प्रशिक्षित माणसाने घरी जाऊन हकिकत लिहून आणायची, दोन डॉक्टरांनी ती वेगवेगळी वाचून कारण ठरवायचे, एकमत झाले नाही तर ज्येष्ठ डॉक्टरने निर्णय द्यायचा. या पुस्तकात हीच रीत १६८० सालच्या एका मृत्यूला लावली आहे. म्हणून आधी साक्षीदार पाहू, रोगाचे नाव नंतर.

पहिला साक्षीदार कृष्णाजी अनंत सभासद. महाराजांच्या दरबारातला माणूस. बखर लिहिली सतराव्या शतकाच्या अखेरीस, जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. तो म्हणतो की महाराजांना ज्वराची व्यथा झाली. आयुष्याची मर्यादा झाली हे ओळखून त्यांनी प्रल्हादपंत, हिरोजी फर्जंद, सूर्याजी मालुसरे अशा जवळच्या माणसांना बोलावले, राज्याचे पुढे काय होईल ते सांगितले, सगळ्यांना धीर दिला आणि देह ठेवला. डॉक्टरच्या दृष्टीने यात दोन गोष्टी आहेत : ताप होता, आणि शेवटपर्यंत शुद्ध होती. पहिली मी जशीच्या तशी घेतो. दुसरीबाबत हात आखडता घेतो, कारण थोर पुरुषाने अंतकाळी सावधपणे निरवानिरव करणे हा बखरींचा आणि संतचरित्रांचा ठरलेला रिवाज आहे. तो खराही असू शकतो, पण त्यावरून मेंदूवर परिणाम करणारे सगळे ताप बाद करता येत नाहीत.

दुसरा साक्षीदार मुंबईची इंग्रज वखार. २८ एप्रिल १६८० रोजी तिथून सुरतेला पत्र गेले. शिवाजीराजे वारल्याची खात्रीची बातमी आहे, त्याला आज २३ दिवस झाले, ते १२ दिवस आजारी होते, आणि मृत्यू रक्ती आवेने झाला असे सांगतात, असा त्याचा आशय. पत्राच्या हिशोबाने मृत्यूची तारीख ५ एप्रिल निघते. कारीच्या जेधे घराण्याच्या शकावलीतल्या, म्हणजे वर्षवार नोंदींच्या कागदातल्या, ३ एप्रिलपेक्षा ती दोन दिवसांनी पुढे आहे. बातमी बंद दरवाजांतून पाझरत आली होती हे ध्यानात घेतले, तर दोन दिवसांची चूक म्हणजे काहीच नव्हे. हा एकच साक्षीदार महिन्याच्या आत बोलला, त्यानेच दुखण्याचा काळ दिला, आणि रोगाचे नाव सांगताना ते ऐकीव असल्याचेही त्याने नोंदवले. असा साक्षीदार मला आवडतो.

त्याचीही मर्यादा आहे. रोगाचे नाव सांगणारा बहुधा आपल्या नेहमीच्या पाहण्यातला रोग सांगतो, आणि मुंबईच्या इंग्रजांच्या पाहण्यात आव फार होती. जॉन फ्रायर हा कंपनीचा शल्यवैद्य त्या काळी या किनाऱ्यावर होता. मुंबईत ठाण मांडून बसलेल्या रोगांची त्याने जी यादी दिली आहे, तीत आव-अतिसार आणि दूषित ताप ही दोन्ही नावे आहेत.

या फ्रायरचा जुन्नरशी थेट संबंध आहे. १६७५ च्या उन्हाळ्यात जुन्नरच्या मोगल सुभेदाराने मुंबईहून वैद्य मागवला, तेव्हा फ्रायर कल्याणमार्गे सह्याद्री चढून इथे आला. त्या वेळी शिवनेरी मोगलांकडे होता. महाराजांनी १६५७ मध्ये जुन्नर शहर लुटले होते, पण जन्मस्थानाचा किल्ला त्यांच्या हाती कधी लागला नाही. फ्रायरने गाव पाहिले, किल्ला पाहिला आणि सुभेदाराच्या जनानखान्यातल्या रोग्याला तपासायला गेला. समोर पडदा. पडद्याआडून एक हात बाहेर आला. त्याने नाडी पाहिली आणि हिला काहीच झालेले नाही असे सांगितले. तो हात मुद्दाम पुढे केलेल्या एका धडधाकट दासीचा होता, वैद्याची परीक्षा म्हणून. मग खऱ्या रोगिणीचा हात आला, नाडी क्षीण. आपले साहित्य १६९८ मध्ये लंडनला ग्रंथरूपाने छापताना फ्रायरने ही हकिकत त्यात घातली. महाराजांच्या अखेरच्या आजाराकडे पाहणारा आजचा डॉक्टर त्याच पडद्यासमोर बसलेला आहे. फरक इतकाच की पडद्याआडून एका वेळी पाच हात पुढे आले आहेत, आणि त्यांतला रोग्याचा कोणता हे आधी ओळखायचे आहे.

तिसरा हात पोर्तुगीजांचा. लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या एका समकालीन पोर्तुगीज कागदात मृत्यूचे कारण अँथ्रॅक्स असे दिले आहे. आज आपण या नावाने ओळखतो तो गुराढोरांकडून माणसाला होणारा रोग. त्याचा जंतू रॉबर्ट कॉखने १८७६ मध्ये निश्चित केला. सतराव्या शतकात मात्र काळी खपली धरणारे कोणतेही जीवघेणे गळू या नावाखाली जाई. पोर्तुगीज कागद वाचताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ते नव्या, म्हणजे ग्रेगरियन पंचांगाने तारखा घालत, इंग्रज जुन्या ज्युलियन पंचांगाने. दोहोंत तेव्हा १० दिवसांचे अंतर होते. इंग्रजांचा ३ एप्रिल तो पोर्तुगीजांचा १३ एप्रिल. हे विसरले की १२ दिवसांचे दुखणे उगाच २२ दिवसांचे होते.

चौथा हात मोगलांचा. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७१० मध्ये, साकी मुस्तैदखानाने पुरा केलेल्या ‘मआसिर-इ-आलमगिरी’त महाराज घोड्यावरून रपेट करून परतले, उष्म्याने त्यांना उलट्या झाल्या आणि ते गेले, अशी नोंद आहे. ही एका दिवसाची गोष्ट झाली. १२ दिवस अंथरुणावर असलेल्या माणसाशी ती जुळत नाही. मोगल बाजूच्या आणखी एका परंपरेने हा मृत्यू जालन्याचा साधू सय्यद जान महंमद याच्या शापावर घातला. १६७९ च्या नोव्हेंबरात महाराजांनी जालना लुटले, तेव्हा त्याच्या आश्रयाला गेलेल्यांनाही फौजेने सोडले नाही, म्हणून त्याने शाप दिला आणि पाच महिन्यांत महाराज गेले. शत्रूच्या मृत्यूत दैवी न्याय पाहण्याची हौस सगळ्याच दरबारांना होती. या साक्षीतून दुखण्याविषयी काही हाती लागत नाही.

पाचवा हात चिटणीस बखरीचा, आणि तिच्या मागोमाग ग्रँट डफ. मल्हार रामराव चिटणीसांनी बखर लिहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, साताऱ्यात. घटनेला तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती. तिथे गुडघीचे दुखणे येते. १८२६ च्या ग्रँट डफच्या इतिहासात त्याचा पूर्ण क्रम मिळतो : गुडघ्याला वेदनादायक सूज, ती वाढत जाणे, मग जोराचा ताप, आणि तापाच्या सातव्या दिवशी, ५ एप्रिलला, वयाच्या ५३ व्या वर्षी मृत्यू. वैद्यकीयदृष्ट्या हे वर्णन फार देखणे आहे. सांध्यात पू, तिथून रक्तात जंतुदोष, मग ताप आणि अंत. शिकाऊ डॉक्टरला परीक्षेत द्यावी अशी केस. मला तिची भीती वाटते ती त्यामुळेच. साक्षीदार जितका लांबचा तितके दुखणे नीटनेटके होत गेले आहे. खाटेजवळच्या माणसाची हकिकत अशी सरळ कधी नसते.

आता या पुस्तकाचा मुख्य मुद्दा. आजवर या मृत्यूची चिकित्सा करणाऱ्या बहुतेकांनी प्रत्येक साक्षीदाराकडून एकेक लक्षण घेतले आणि त्यांची मोळी बांधली : सभासदाचा ज्वर, इंग्रजांची आव, मोगलांची उलटी, चिटणिसांचा गुडघा. मग या सगळ्यांना एकत्र बसवणारा रोग शोधायचा. असा रोग सापडतोही, वैद्यकाच्या पुस्तकात काय सापडत नाही? पण ज्याला ही सगळी लक्षणे एकदम होती असा रोगी रायगडावर कधी नव्हता. तो आपण कागदावर तयार केलेला आहे. जदुनाथ सरकारांसारख्या काटेकोर इतिहासकारानेही १९१९ च्या आपल्या चरित्रात २३ मार्चपासून ताप आणि रक्ताची आव, दुखणे १२ दिवस, असे एका वाक्यात लिहिले. ताप सभासदाचा, बाकी इंग्रजांचे. या दोघांना जोडायला हरकत नाही, कारण दोघेही जवळचे आहेत आणि एकमेकांना खोडून काढत नाहीत. आवेत ताप येतोच. शिवाय राजाच्या अंतकाळाचे वर्णन राजपुत्रासाठी लिहिणारा माणूस जुलाबांचा उल्लेख टाळेल, ज्वर लिहील, असे मला वाटते. पण जोड इथेच थांबली पाहिजे. मोगलांचा आणि चिटणिसांचा हे दोन हात या नाडीचे नाहीत.

इतके ठरले की वैद्यकाची पाळी येते. १२ दिवसांचा ताप आणि रक्त पडणारे जुलाब, चैत्रातला उन्हाळा, ५० वर्षांचा, आयुष्यभर घोड्यावर बसलेला पुरुष. आमच्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात असा रोगी आला तर पहिला संशय जंतुजन्य आवेचा. तिचा जंतू कियोशी शिगा या जपानी शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस शोधला. जोराचा ताप, मुरडा, शेंब आणि रक्त, अंगातले पाणी आटणे, आणि उपचार न मिळाल्यास एक-दोन आठवड्यांत अंत, हा क्रम तिला बसतो. अमिबाची आव सहसा इतक्या घाईची नसते आणि तिच्यात ताप कमी. विषमज्वरात आतड्यातून रक्तस्राव होतो, आतड्याला भोकही पडते, पण बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. आधीचे आठ-दहा दिवस अंगावर काढले असतील तर १२ व्या दिवशी मृत्यू अशक्य नाही, आणि अंगावर काढणे हा महाराजांच्या स्वभावात न बसणारा प्रकार नव्हे. डोक्यात जाणारा हिवताप मारतो, पण रक्ती जुलाब हे त्याचे ठळक लक्षण नाही. पोटातला अँथ्रॅक्स ताप आणि रक्ती जुलाब दोन्ही देतो, पण तो फार विरळ आहे आणि बहुधा थोडक्या दिवसांत आटोपतो.

कारण शोधताना गडावरची परिस्थितीही पाहावी लागते. राजाराम महाराजांची मुंज ७ मार्चला, लग्न १५ मार्चला, प्रतापराव गुजरांच्या कन्येशी. दोन कार्यांची गर्दी, ऐन उन्हाळा आणि टाक्या-तळ्यांचे साठवलेले पाणी. आठवड्याभरात महाराजांचे दुखणे सुरू होते. पाण्यातून आव पसरायला याहून सोयीची वेळ नाही. हा माझा तर्क आहे आणि तर्क म्हणूनच वाचावा. त्याच दिवसांत गडावर आणखी कोण कोण आजारी पडले, याची नोंद मिळाल्याशिवाय तो पुढे रेटता येत नाही.

त्या काळच्या वैद्याच्या हातात काहीच नव्हते असेही नाही. भीमाशंकरच्या रानात कुडा आजही भरपूर आहे. त्याच्या सालीचा काढा रक्तातिसारावर देण्याची आयुर्वेदाची परंपरा जुनी, कुटजारिष्ट आजही दुकानात मिळते. पश्चिम आंबेगाव-जुन्नरमधली महादेव कोळी कुटुंबे ज्यावर उन्हाळ्याचा खर्च भागवतात, तो हिरडाही पोटाच्या औषधांत मानाचा. पण आवेत माणूस दगावतो तो बऱ्याचदा अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो माणसे वाचतात हे जगाला पटले ते १९७१ मध्ये, बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते करून दाखवल्यावर. सलाइन आणि प्रतिजैविके हीही आधुनिक वैद्यकाचीच देणगी. महाराजांच्या वैद्यांवर हलगर्जीपणाचा ठपका ठेवण्याआधी हे ध्यानात असावे.

राहिले विष. या प्रश्नाला बगल दिली तर पुस्तक अर्धवट राहील. संशयाला जागा मिळाली ती मृत्यूनंतरच्या हालचालींमुळे. गडाचे दरवाजे बंद, बातमी दाबलेली, थोरले राजपुत्र संभाजीराजे पन्हाळ्यावर, आणि २१ एप्रिलला दहा वर्षांचे राजाराम गादीवर. धट्टाकट्टा माणूस चार दिवसांत गेला तर आमच्या गावांत आजही आधी ‘करणी’ आणि ‘खायला घातलं’ हेच शब्द निघतात. इथे तर राज्य पणाला लागले होते. बोट रोखले गेले ते राजारामांच्या मातोश्री सोयराबाईंकडे.

आरोप तपासू. सभासद विषाविषयी गप्प आहे. पण त्याने बखर लिहिली सोयराबाईंच्याच पुत्राच्या आज्ञेने, त्यामुळे त्याच्या मौनाने त्या निर्दोष ठरत नाहीत. मुंबईच्या इंग्रजांना मात्र कोणाची भीड नव्हती. मराठी दरबारातल्या भानगडी ते चवीने लिहीत, १६८१ मध्ये संभाजीराजांना विष घालण्याचा कट झाला तो त्यांच्या पत्रांत आलाच. महाराजांच्या मृत्यूच्या त्या पहिल्या पत्रात मात्र ते आव लिहितात, विष लिहीत नाहीत. हे मौन माझ्या तराजूत सभासदाच्या मौनापेक्षा जड आहे. शिवाय १६७६ च्या सुमारास महाराज साताऱ्याला दीर्घकाळ आजारी होते, तेव्हाही ते विषाने वारल्याची आवई उठली होती आणि पुढे चार वर्षे महाराज राज्य करत होते. म्हणजे महाराजांच्या प्रत्येक दुखण्यामागे विषाची कुजबुज होतीच. १६८१ चा कट उघडकीस आल्यावर ती लोकांनी वर्षभर मागे नेऊन १६८० च्या मृत्यूला चिकटवली, असे मला दिसते.

वैद्यक इथे कितपत मदत करते? त्या काळी सहज मिळणारे विष म्हणजे सोमल. त्याने उलट्या-जुलाब होतात, जुलाबात रक्तही पडते, पण सारा प्रकार तासांत किंवा दोन-चार दिवसांत आटोपतो, आणि जोराचा ताप हे त्याचे लक्षण नव्हे. थोडे थोडे रोज दिले तर दुखणे १२ दिवस लांबवता येते. म्हणजे केवळ वैद्यकाच्या आधारे विष शंभर टक्के बाद करता येत नाही, हे सांगितले पाहिजे. देहावर अग्निसंस्कार झाला, त्यामुळे केस, हाडे तपासून निकाल लावण्याची वाटही बंद.

ती वाट खुली असलेल्यांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेचे अध्यक्ष झॅकरी टेलर १८५० च्या जुलैत पोटाच्या दुखण्याने चार-पाच दिवसांत गेले. विषाची कुजबुज १४० वर्षे चालली. १९९१ मध्ये कबर उघडून अवशेष तपासले, सोमल मारण्याइतका निघाला नाही. नेपोलियनचे शवविच्छेदन मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी झाले, जठरात रोग दिसला. तरी १९६१ मध्ये केसांतल्या सोमलावरून खुनाचा सिद्धान्त निघाला. पुढे त्याच्या लहानपणच्या केसांतही सोमल तितकाच सापडला, तेव्हा कुठे जोर ओसरला. देह हाती असूनही जिथे इतका काळ लागतो, तिथे केवळ कागदांवरून छातीठोक बोलणाऱ्याने जरा सबुरी धरावी.

रुग्णालयाच्या नमुना ४ मध्ये मृत्यूचे कारण आणि मृत्यूचा प्रकार असे दोन वेगळे रकाने आहेत. प्रकारात नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून अशा पर्यायांपैकी एक निवडायचे असते. हा फरक आंबेगावच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंचा देह १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विलायती कापडाच्या मोटारीखाली चिरडला गेला. वैद्यकीय कारण एकच. सरकारदरबारी तो अपघात, लोकांच्या लेखी हौतात्म्य. वाद प्रकाराचा होता, कारणाचा नव्हता. महाराजांच्या बाबतीत लोक याच्या उलट करतात. प्रकार आधी ठरवतात, विष म्हणून, आणि मग त्याला शोभेलसे कारण शोधत बसतात.

तर मी हा नमुना कसा भरेन? तात्कालिक कारण : तीव्र ज्वर, बहुधा रक्ती आवेसह. काळ : सुमारे १२ दिवस. मूळ रोग : अनिश्चित, जंतुजन्य आवेची शक्यता सर्वांत जास्त. प्रकार : नैसर्गिक, विरुद्ध ग्राह्य पुरावा नाही. इतकेच. ‘अनिश्चित’ हा शब्द अनेकांना रुचणार नाही. पण दाखल्यात तो लिहायला जागा असते, आणि कधी कधी तोच सर्वांत प्रामाणिक शब्द असतो.

पुढच्या प्रकरणांत एकेका साक्षीदाराला एकेक प्रकरण दिले आहे, मग रोगांचा विचार, मग विषाचा. घाईत असलेल्या वाचकाने विषाच्या प्रकरणाकडे थेट उडी मारू नये. साक्षीदारांची ओळख झाल्याशिवाय ते प्रकरण पटणार नाही, आणि पटले तर चुकीच्या कारणाने पटेल.

एक विनंती करून ही प्रस्तावना संपवतो. महाराजांचे जन्मवर्ष कित्येक दशके १६२७ धरले जात होते. ग्रँट डफने मृत्यूसमयी ५३ वे वर्ष लिहिले ते त्यामुळेच. हा हिशोब बदलला एका घराण्याच्या दप्तरातल्या कागदांनी. कारीच्या जेध्यांकडची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली, १९१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि शिवनेरीवरच्या जन्माची तिथी पुढे तिच्याच आधाराने पक्की झाली. जन्माच्या बाबतीत जे घडले ते मृत्यूच्या बाबतीतही घडू शकेल. जुन्नर, ओतूर, घोडेगाव, मंचर इथल्या जुन्या वाड्यांत मोडी रुमाल अजून आहेत. शके १६०१-१६०२ चा कोणताही कागद निघाला, मग तो वैद्याच्या इनामाचा असो, गडावर पोचवलेल्या औषधाचा असो, की लग्नाहून परतलेल्या एखाद्या मानकऱ्याच्या आजारपणाचा, तर तो घरी चिकटवू नका, लॅमिनेट करू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा मोडी जाणणाऱ्या अभ्यासकाकडे दाखवा. गडावर त्या पंधरवड्यात आणखी चार माणसे आवेने आजारी होती एवढी एक ओळ मिळाली, तरी वरच्या दाखल्यातला ‘अनिश्चित’ हा शब्द मी खोडायला तयार आहे.